पेल्यातलं पाणी

नांदेडच्या घरी लेक केमिस्ट्रीची गणितं सोडवत बसलीय. बाहेरून ट्रक गेला आणि तिच्याजवळच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. तिनं मानही वर केली नाही. मी मात्र लातूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोचले.

भूकंपानंतरचं वर्ष होतं. क्लाससाठी आलेल्या आम्ही मुली अभ्यासाला बसताना शेजारी भरलेला पेला ठेवायचो. पाणी हललं, की पुस्तक टाकून बाहेर पळायचं. त्यामुळं माझा एक डोळा गणितावर, एक पाण्यावर. शेवटी कंटाळून मी क्लास सोडायचं ठरवलं. माझे वडील, आबा, कंधारहून मला न्यायला निघाले होते.

त्या दुपारी खोलीभर तापल्या पत्र्याचा वास होता. समोर सुनंदा, किल्लारीकडची. तिचं घर भूकंपात पडलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. मी आम्लाचे मोल काढत होते, तेवढ्यात पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. मी उठणार, तोच तिनं पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"लई तहान लागली व्हती गं. एसटी गेली असंल. तू गणित कर."

मला हसू आलं. गणित सुटलं. आबा आले तेव्हा मी म्हणाले, "ऱ्हाते मी."

त्या दुपारी तिनं रिकामा पेला खाली ठेवला, तेव्हा तो फरशीवर कितीतरी वेळ टणटण वाजत होता. तेव्हा माझं लक्ष गणितात होतं; तो आवाज मला आज ऐकू येतो. जमीन तोवर थांबली होती. हलत होता, तो सुनंदाचा हात.