आल्याशिवाय आली म्हणायचे नाही

काचीगुडा स्थानकाच्या फलाटावर ज्यांनी एके काळी गाडीची वाट पाहिली आहे, त्यांनी त्रिवेणीबाई बिरादारांना पाहिले नसेल. ऐकले मात्र निश्चित असेल. चौकशी कक्षामागच्या लहानशा खोलीत बसून त्या तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून गाड्यांच्या येण्याजाण्याची वार्ता देत. ध्वनिमुद्रित यंत्राने मनुष्याच्या कंठाची जागा घेण्यापूर्वीचा तो काळ. गाडीला उशीर झाला की किती उशीर, कोणत्या कारणाने, हे सांगून शेवटी त्या प्रवाशांची क्षमा मागत. ते शब्द कार्यालयाने नेमून दिलेले असले, तरी त्यांच्या मुखातून येताना त्यांना आर्जव लाभे. "मी ज्यांची माफी मागते ती माणसं खरंच उन्हात उभी असतात," असे त्या म्हणत.

या कामात एक नियम त्यांनी आपणहून पत्करला होता. इंजिन फलाटाला लागलेले आपल्या खिडकीतून दिसल्याखेरीज 'गाडी आली' हे शब्द त्या उच्चारत नसत. कधी वरिष्ठांचा निरोप येई, "बाहेरच्या सिग्नलला उभी आहे, आली म्हणून सांगून टाका, लोक ओरडायला लागलेत." त्या शांतपणे म्हणत, "सिग्नलला आहे असं सांगते. आली असं आल्यावर सांगेन." या हट्टापायी त्यांनी बोलणीही खाल्ली. पण मनमाडकडची गाडी त्रिवेणीबाईंनी आली म्हटल्यावरच हमाल उठत, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

त्यांचे यजमान मुकुंदराव सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. दोघांचीही घराणी मूळची उदगीरकडची, शेती करणारी. आजोबांच्या पिढीत चाकरीच्या निमित्ताने संस्थानाच्या राजधानीत, म्हणजे इथे, येऊन स्थिरावलेली. स्थानकामागच्या आमच्या गल्लीत, माझ्या दारासमोर, मुकुंदरावांनी स्वहस्ते नकाशा काढून एकमजली घर बांधले. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू हिरावून नेली. तरीही त्या घरात ते इतक्या सहजतेने वावरत, की नवख्या पाहुण्याच्या ध्यानात यायला वेळ लागे. दुपारचा चहा हे त्यांचे व्रत होते. आले कोणत्या वाटीत, गाळणी कोणत्या खिळ्याला, सारे त्यांच्या बोटांना ठाऊक. कोणी कौतुक केले की म्हणत, "नकाशा माझा, भिंती माझ्या. इथं डोळे कशाला लागतात?"

एका फेब्रुवारीत, तिन्हीसांजेला, गेलेली वीज परत येताच बैठकीच्या खोलीतल्या इन्व्हर्टरने पेट घेतला. त्रिवेणीबाई स्वयंपाकघरात होत्या. बाहेर येईतो सारे घर काळ्या धुराने भरून गेले होते आणि त्यांना दार सापडेना. ज्या घरात उभे आयुष्य काढले, तेच घर त्या क्षणी परके झाले. इतक्यात त्यांचे मनगट कोणी तरी घट्ट धरले. "घाबरू नकोस. माझ्यामागून ये," एवढेच शब्द. मुकुंदरावांनी एक हात भिंतीवरून फिरवत, कोनाड्यापाशी वळत, कपाटाचा कोपरा चुकवत त्यांना मागच्या दाराने अंगणात आणले. धूर त्यांना नवा नव्हता, असे म्हटले तरी चालेल. ते रोज त्यातूनच चालत होते.

अग्निशामक दलाने आग विझवली. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर जळाले, वरच्या स्लॅबला तडे गेले, आणि दुरुस्तीवाचून तिथे राहणे धोक्याचे ठरले. घराचा विमा होता, हप्ते नेमाने भरलेले होते. कंपनीचा सर्व्हेयर येऊन पाहून गेला आणि जाताना बजावून गेला, "अम्मा, मंजुरी आने तक कुछ भी हाथ नक्को लगाओ." त्रिवेणीबाईंनी ते तंतोतंत पाळले. घराला कुलूप लावून पतिपत्नी अंबरपेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असे सर्वांनाच वाटले.

त्यानंतर उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी गेली. कंपनी एक कागद मागे. तो दिला की दुसरा मागे. दुसरा दिला की पहिला जुना झाला म्हणून पुन्हा मागे. त्रिवेणीबाई दर सोमवारी सिकंदराबादच्या कार्यालयात जात. दावे पाहणारा यादगिरी नावाचा तरुण अधिकारी तिथे होता, स्वभावाने भला. एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो.

"प्रोसेस में है, अम्मा," यादगिरी म्हणाला.

"हौ, पिछले सोमवार भी उधरीच था," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "ये प्रोसेस कौनसा स्टेशन है जी? गाडी वहाँ से हिलतीच नहीं."

आजूबाजूची टेबले हसली. यादगिरीही हसला. "आप बैठो अम्मा, चाय पियो."

"चाय पिऊँगी. पर कायकू लेट है और कब तक लेट है, इत्ता बोलो. हमारे में तो मालगाडी का भी बोलते थे."

त्याने चहा मागवला. उशिराचे कारण त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते, हे त्रिवेणीबाईंना जिन्यात उतरताना उमगले. त्या मला म्हणाल्या, "बिचाऱ्याच्या हातात माइक दिलाय आणि मजकूर दिलेला नाही."

इकडे अंबरपेठेच्या त्या खोल्यांत मुकुंदराव खुर्चीवर बसून राहू लागले. परक्या घरात उंबरे अनपेक्षित जागी येत. न्हाणीघराची पायरी पायाला गवसेना. एकदा पडले आणि खांदा दुखावला. त्यानंतर त्यांनी एकट्याने उठणे सोडले. पाण्याच्या भांड्यासाठीही हाक मारावी लागे. आणि हाक मारायला लागू नये म्हणून ते पाणीच कमी पिऊ लागले. डॉक्टर म्हणाले, पायांतली शक्ती उतरत आहे, चालवा यांना. त्रिवेणीबाई हात धरून चालवत. ज्या हाताने धुरातून बाहेर काढले, तो हात आता धरावा लागत होता.

दुसरा उन्हाळा तोंडावर असताना एके दिवशी यादगिरीचा फोन आला. दावा संपूर्ण मंजूर झाला होता. एका कागदावर सही केली की आठवड्यात रक्कम जमा होणार होती. त्या कागदात लिहिले होते की दाव्याची पूर्ण व अंतिम पूर्तता झाली, आम्ही संतुष्ट आहोत, आणि विलंबासह कोणत्याही बाबतीत आमची तक्रार उरलेली नाही.

मी त्या दुपारी मुकुंदरावांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला गेलो होतो. त्रिवेणीबाई कागद पुढे घेऊन, पेन उघडून बसल्या होत्या. पुण्याहून मुलाचा, विकासचा, फोन सुरू होता.

"आई, प्लीज प्रॅक्टिकल हो. फुल अमाउंट देतायत ना? साइन कर आणि मॅटर क्लोज कर. बाबांना घरी ने."

"घरी तर न्यायचंच आहे रे."

"मग अडलंय कुठं? उशिराची भरपाई मागायला गेलीस तर अजून वर्ष जाईल. कोणासाठी?"

त्यांनी फोन ठेवला. विकासचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि हेच कठीण होते. सही केली तर मुकुंदरावांना त्यांचे घर लवकर मिळणार. पण खुर्चीवर गेलेल्या महिन्यांविषयी पुढे कोणापुढेही अवाक्षर काढता येणार नाही. नाही केली तर हेच दिवस आणखी लांबणार. त्या यजमानांकडे वळल्या.

"अहो, यात लिहिलंय की आपण संतुष्ट आहोत. आहात का तुम्ही?"

"नाही," मुकुंदराव म्हणाले. "पण घर हवंय मला."

"दोन्ही एकदम मिळायचं नाही म्हणतात. मी सही करते. तुमचे पाय गेले तर ती भरपाई घेऊन काय करू?"

पेन कागदाला टेकणार इतक्यात मुकुंदराव म्हणाले, "थांब जरा. गाडी बाहेरच्या सिग्नलला असताना आली म्हणून कधी सांगितलंस का तू?"

"कधीच नाही."

"साहेब रागावले तरी?"

"तरी नाही."

"मग आता काय झालं? मी बसतो अजून. इतके दिवस बसलोय, बसायची सवय झालीय. फक्त संध्याकाळी गच्चीवर फिरवत जा मला, कितीही नको म्हटलं तरी."

त्रिवेणीबाईंनी पेन बंद केले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते यजमानांना दिसत नव्हते. तरी ते म्हणाले, "रडू नकोस, चहा कर. तुझा चहा पाणचट होतो, तोही चालेल आता."

संतुष्ट असल्याचे वाक्य वगळून रक्कम द्यावी, असे त्यांनी कंपनीला कळवले. नकार आला. मग त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकील दिला नाही. "माझं म्हणणं लहान आहे, मला सांगता येईल," असे त्या म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघे रिक्षाने गेलो. अध्यक्षस्थानी एक वयस्क बाई होत्या. बोलणे तेलुगूत चालले होते. कंपनीचे वकील चतुर होते. ते म्हणाले, "रक्कम आम्ही केव्हाच मंजूर केली. सही न करून विलंब यांनीच लावला."

त्रिवेणीबाई उभ्या राहिल्या. तो जुना, संथ, स्पष्ट आवाज त्या दालनात उमटला. "मॅडम, आधी पूर्ण वर्ष गाडी का थांबली हे कुणी सांगितलं नाही. मग स्टेशनात आणून दारं बंद ठेवली. आता म्हणतात, गाडी वेळेवर आली असं लिहून द्या, म्हणजे उतरू देतो."

अध्यक्षांच्या मुद्रेवर स्मित उमटले, पण वकील ढळले नाहीत. "घराचं नुकसान भरून मिळतंय. त्यापलीकडे यांचं गेलं काय? यजमानांची दृष्टी आगीपूर्वीच गेली होती. ती काही कंपनीनं घेतलेली नाही."

हे वाक्य ऐकून मी क्रुद्ध झालो. मुकुंदराव झाले नाहीत. अध्यक्षांनी त्यांना विचारले, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

ते बसूनच बोलले. "वकीलसाहेबांचं बरोबर आहे. डोळे आधीच गेलेत. माझ्या घरात उंबऱ्यातून आत आलं की डाव्या हाताला भिंत लागते, थोडी खरखरीत. ती संपते तिथं कोनाडा. कोनाड्याची कड हाताला लागली की उजवीकडे वळायचं. मग कपाट, मग स्वयंपाकघराची चौकट. ती ठेंगणी आहे, चूक माझीच, मान लववायची. ओट्यावर शेगडी, वर फळी, फळीवर चहा-साखर. दुपारी मी बायकोला चहा करून देत असे."

"आणि सध्याच्या घरात?"

"तिथं मी बसतो."

वकिलांनी समोरचे कागद सरळ केले आणि ते खाली बसले.

निकाल यायला पावसाळा उजाडला. दाव्याची रक्कम कोणत्याही अटीवाचून, व्याजासह द्यावी. अंबरपेठेचे भाडे द्यावे. आणि विलंबामुळे झालेल्या क्लेशांची वेगळी भरपाई द्यावी, असा आदेश झाला. भरपाई फार मोठी नव्हती. कंपनीने अपील केले नाही. पैसे जमा झाले त्या दिवशी यादगिरीने फोन केला. "अम्मा, लेट हो गया. फाइल दो दफ्तरों के बीच में पडी रही, कोई देखाच नहीं. माफ करना."

"आता घोषणा पूर्ण झाली," त्रिवेणीबाई मला म्हणाल्या. "कारणासकट."

दुरुस्तीच्या वेळी त्या रोज मिस्त्रीच्या मागे उभ्या असत. खरखरीत भिंत गुळगुळीत करून देतो म्हणून तो आर्जवे करी. त्या करू देत नसत. चौकट उंच करण्याचा त्याचा प्रस्तावही त्यांनी मोडून काढला. "चुकीची आहे ती तशीच बांध," त्यांनी सांगितले आणि तो बापडा कपाळाला हात लावून बसला.

गृहप्रवेश दुपारीच झाला. रिक्षातून उतरताच त्रिवेणीबाईंनी सवयीने हात पुढे केला. मुकुंदरावांनी तो हळूच बाजूला सारला आणि उंबरा ओलांडला. गती मंद होती. पण तळहात भिंतीवर टेकताच खांदे सरळ झाले. कोनाडा आला. ते वळले. कपाट आले, त्याचा कोपरा त्यांनी चुकवला. आम्ही दोघे दारातच थांबलो होतो. चौकटीपाशी मान लवली आणि त्याच वेळी टण् असा आवाज झाला.

"अगं, इथं हे काय टांगलंयस? कोपर आपटलं ना!"

"आग विझवायचं नळकांडं आहे ते," त्रिवेणीबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "उशिराच्या भरपाईतून घेतलंय."

आतून भांड्यांचा खणखणाट, काडेपेटीचा आवाज, आणि मुकुंदरावांचे शब्द आले, "चांगलं केलंस. पण उद्या मिस्त्रीला सांगून वीतभर पलीकडे सरकव. माझ्या वाटेत येतंय. आणि आल्याची वाटी कुठाय?"

त्रिवेणीबाई आत गेल्या नाहीत. "होती तिथंच आहे," एवढेच त्यांनी सांगितले आणि पायरीवर बसून चहाची वाट पाहू लागल्या.