बागेखालचं पाणी

आमच्या तालुक्याच्या गावात जमिनीच्या वर काय चाललंय हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं. खाली काय चाललंय हे एकट्या माळीबाबांना. नगरपालिकेच्या बागेचे हे माळी पाणाडेही होते. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून अनवाणी चालायचे, नारळ उभा राहिला की तिथे विहीर. लग्नाच्या पंगतीत पहिला घोट तोंडात घोळवून जाहीर करायचे, "हे वडनेरच्या टँकरचं पाणी हाय. घरच्या विहिरीचं म्हणून पाजून राह्यले." यजमान ओशाळायचा, पंगत खूश. हिरवळीवर कुणी बूट घालून आलं, मग तो मुख्याधिकारी का असेना, की म्हणायचे, "काढा ते सायब, जमिनीच्या कानात वरडल्यावानी होते."

बाजाराची गर्दी बागेखालून भुयारी रस्त्याने स्टँडकडे काढायचं ठरलं, तेव्हा मी पालिकेत अभियंता होतो. आजही आहे. बाबांनी नारळ घेऊन आख्खी बाग पालथी घातली आणि कारंज्यापाशी थांबून म्हणाले, "इथून झरा वाह्यते, सायब. खोदसान तर रस्ता नाही, नाला होईन." मी हसलो. वरून घाई होती. झऱ्याचं लिहिलं असतं तर काम अडलं असतं. मी पंचनाम्यात लिहिलं, खाली पाणी नाही. बागेतला जुना माणूस म्हणून त्यावर बाबांची सही हवी होती. त्यांना सही तेवढी येत होती, वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं, सायब?"

"तुम्ही सांगितलं तेच."

उद्घाटनाला महिना झाला नाही तोच, भर उन्हाळ्यात, भुयारात कमरेएवढं पाणी भरलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी पंचनामा मोठ्यानं वाचला. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो. "हाव, सही माहीच हाय," ते म्हणाले. पुढे टपरीवर लोक विचारू लागले, "काय बाबा, नारळ झोपला होता काय?" पिंपळगाव राजा गावच्या एका शेतकऱ्यानं विहिरीची जागा पाहायचं बोलावणं परत घेतलं, आणि मग बोलावणी यायचीच थांबली. भुयारात आता बारमाही पंप चालतो. त्याची देखरेख माझ्याकडेच आहे.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना काही नवीन वाटलं नाही. मीच विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत, बाबा?"

"तुम्ही बसले होते ना तिथं. मले वाटलं, आता सायब बोलतीन."

मग त्यांनी आत चहा टाकायला सांगितलं, आणि साखर किती, हे मला विचारलं.