काशीबाईंचा परदेशी जावई

गुणाजी मांद्रेकराला देश सोडावा लागला तो तीन परकरांपायी.

मांद्र्याच्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या तीन मुलींचे परकर त्याने शिवायला घेतले होते. कापड मागाहून आटू नये म्हणून त्याने ते आधी भिजवून घरापुढच्या दोरीवर वाळत घातलं. थोरलीचं केशरी, मधलीचं पांढरं, धाकटीचं हिरवं. साल पंचावन्न. गोव्यात अजून पोर्तुगिजांचं राज्य होतं, सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत घुसत होते, आणि पिकल्या आंब्याशेजारी पोपट बसलेला दिसला तरी पोर्तुगीज पोलिसांना घाम फुटत होता. वाऱ्यावर फडफडणारं ते कापड गावच्या रेजिदोराने, म्हणजे तिथल्या पोलीस पाटलाने पाहिलं आणि दुपारी शिपाई दारात आला. गुणाजीने ठाण्यावर येऊन खुलासा करावा.

गुणाजी जातीचा शिंपी आणि स्वभावाचा ससा. खुलासा करायला गेलेली माणसं परत आल्यावर चार दिवस पालथी झोपतात हे त्याच्या कानावर होतं. "जेवून येतां," असं सांगून त्याने शिपायाला वाटेला लावलं. मग बायको शेवंती, शिलाईचं मशीन आणि एक ट्रंक होडीत घातली आणि तेरेखोलची खाडी ओलांडून तो आरोंद्याला उतरला. झालं, परदेश आला. म्हापशाला बटणं आणायला जायचं म्हटलं तर याहून लांब पडायचं.

पण परदेश तो परदेशच. शेवंतीची मावशी काशीबाई मालवणजवळ तोंडवलीला राहत होती. थोडं चालत, थोडं लॉरीच्या पाठीवर मिठाच्या गोणींसोबत, थोडं पुन्हा होडीने असं करत दोघं तिच्या अंगणात पोचली. काशीबाई विधवा, मूलबाळ नाही, चार माड आणि एक आवाज एवढी तिची इस्टेट. तो आवाज असा, की तिने अंगणातून कोंबड्या हाकल्या तर समुद्रात जाळी ओढणारे रांपणकार मान वळवून बघत. तिने भाचीला पोटाशी धरलं, जावयाला पडवी दिली आणि विचारलं, "जावयानू, दमलास? काय व्हया?"

"माका पेज जाय," गुणाजी म्हणाला. त्याच्या बोलीत 'जाय' म्हणजे 'हवी'.

काशीबाईने चुलीकडे पाहिलं. "पेज खंय जातली? हयसरच आसा मा!"

गुणाजीने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. काशीबाईने जाऊन पेजेवर झाकण घट्ट बसवलं आणि वर पाटा ठेवला. शेवंती मध्ये पडली म्हणून त्या रात्री तो जेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला कळत गेलं की आकाश तेच, मासळी तीच, माडसुद्धा तसेच वाकडे, पण बाकी सगळंच जरा जरा चुकलेलं आहे. गुणाजीचा हात बसलेला होता कोटावर. मांद्र्यात नवरा मुलगा कोट घातल्याशिवाय बोहल्यावर चढत नसे. इथे बाप्ये समुद्रावर काष्टीत जात आणि जत्रेला सदऱ्यात. त्याने नमुना म्हणून एक काळा कोट पडवीत टांगला. येणारेजाणारे थांबून बघत. एका म्हाताऱ्याने आत हात घालून अस्तर चाचपलं आणि विचारलं, "ह्येच्यात खंयसून घुसाचा?" तिसऱ्या दिवशी काशीबाईच्या कोंबडीने त्याच्या खिशात अंडं घातलं. कोटाचा तोंडवलीतला तेवढाच उपयोग.

रीतसर दुकान घालावं म्हणून तो राहण्याचा दाखला मागायला मालवणच्या कचेरीत गेला. तिथे हरिश्चंद्र नावाचे कारकून होते, कायद्याचे पक्के आणि देशभक्तीचेही पक्के. नेमकी त्यामुळेच पंचाईत झाली.

"देश कुठला?" त्यांनी विचारलं.

"मांद्रें."

"ते गाव झालं. गोवा म्हणायचं आहे का तुम्हाला? गोवा हा भारताचाच भाग आहे. परवाच बंदरावर सभेत पुढारी सांगून गेले. तेव्हा तुम्ही परदेशी नाही."

"बरें," गुणाजी खूश होऊन म्हणाला.

"पण परदेशी नाही, तर सरहद्दीवर परवाना का लागतो? तुमच्याकडे परवाना आहे?"

"ना."

"म्हणजे तुम्ही परदेशातून विनापरवाना आलात."

"मगीर हांव परदेशी."

"असं मी लिहिलं, तर गोवा परदेश आहे असं मी मान्य केल्यासारखं होईल!" हरिश्चंद्रांनी टाक खाली ठेवला. "माझ्या हातून ते व्हायचं नाही. पुढच्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारीही हेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. दोघांची चांगली ओळख झाली. हरिश्चंद्र त्याला चहा पाजत, तो त्यांच्या सदऱ्याची बटणं पक्की करून देई, आणि गोवा कुणाचा या प्रश्नाशी येऊन दोघंही थांबत.

याहून मोठं संकट संध्याकाळचं होतं. त्या काळी मुंबई राज्यात दारूबंदी होती आणि गोव्यात नव्हती. गुणाजीविषयी तोंडवलीतल्या बाप्यांना एवढी माहिती पुरली. आता या माणसाला फेणीच्या नुसत्या वासाने शिंका येत, पण ते कुणाला खरं वाटणार? दिवेलागणीला एकेक जण पंच्याखाली रिकामी बाटली दडवून पडवीत येऊन बसे, हवापाण्याच्या गोष्टी करी आणि उठताना खोकून विचारी, "मगे, काय आसा काय?"

त्यात दत्तारामकाका सगळ्यांत चिवट. देवळातले मानकरी, म्हणून थेट मागायची लाज. "पोटात कळ येता हो," ते म्हणाले. "तुमच्याकडला जरा औषध गावतला?"

गुणाजीने आतून ओवा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी काका परत. "कालच्यान गुण नाय इलो. तां नको. तां... तां." आणि त्यांनी हवेत बोटांनी एक लांब मान काढून दाखवली. गुणाजीला वाटलं, घसा धरला असेल. त्याने सुंठ दिली.

तिसऱ्या दिवशी काका आले तेव्हा पडवीत कुणी नव्हतं. मशीनजवळच्या कोनाड्यात एक बाटली होती. सोनेरी चिठ्ठी, वर शिडाचं जहाज, खाली पोर्तुगीज अक्षरं, आत पिवळसर माल. मांद्र्याच्या पाद्रीबाबाकडून ती बाटली गुणाजीने रिकामी मागून आणली होती आणि तिच्यात तो मशीनचं तेल ठेवत असे. काकांना हे कोण सांगणार? त्यांनी बूच काढलं आणि डोळे मिटून तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला चव वेगळी लागली. पण परदेशी माल असाच असणार अशी समजूत काढून त्यांनी आणखी दोन घोट घेतले, बूच लावलं आणि समाधानाने घरी गेले.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दत्तारामकाकांचा मुक्काम माडांमागेच होता. त्यांची बायको राधाबाई अंगणात उभी राहून ओरडली, "गोंयकारान माझ्या घोवाक इख घातल्यान गो!" आणि ही हाक वाडीवाडीतून वाढत वाढत पोलीस ठाण्यावर पोचली तेव्हा तोंडवलीत एका परदेशी इसमाने दारूचा गुत्ता घातल्याची खबर झाली होती.

झडतीला सत्यवान हवालदार आले. माणूस भरदार, आणि अंगात खाकी हाफ पँट. ती बहुधा दोन सडपातळ हवालदारांना मिळून शिवलेली असावी, कारण खाली घेर छत्रीसारखा आणि वर मात्र टाच मारायला जागा नाही. सरकारी कामावर ते पुस्तकी मराठी बोलत.

"आपल्या घराची झडती घेण्यात येत आहे. सहकार्य करावे."

कोनाड्यातली बाटली त्यांनी पहिल्या झपाट्यात ताब्यात घेतली. मग आणखी माल असेल म्हणून ते बाजेखाली बघायला वाकले. त्याबरोबर चर्र असा लांबलचक आवाज झाला आणि बाजेखालून सरकारी मराठी एकदम बंद पडली.

"मेलंय! फाटली मरे!"

दारात काशीबाई, शेवंती आणि शेजारच्या दोघी. हवालदार उठले ते थेट भिंतीला पाठ लावून. पुढे सरकता येईना, मागे भिंत. काशीबाई हसत हसत खाली बसली. गुणाजी मात्र हसला नाही. तो घाबरलाही नाही, हे विशेष. बिघडलेलं कापड दिसलं की त्याची भीती कुठल्या कुठे जाई.

"शिवण उसवूक नाय, कापडच गेलां," तो आता थोडं इथलं, थोडं तिथलं बोले. "ही कोणे बेतली? घेर नको थंय दिलो आसा आनी व्हयो थंय नाय. तुमी बसतास कसे?"

"बसनंयच नाय," हवालदार केविलवाणेपणाने म्हणाले. "तीन वर्सां झाली, ठाण्यात उभोच आसंय."

काशीबाईने आपलं जुनं लुगडं दिलं. ते गुंडाळून हवालदार बाजेवर बसले आणि गुणाजीने त्यांच्या हातातली बाटली घेऊन मशीनच्या चाकात तेल सोडलं.

"अरे, तो पुरावा!" हवालदार ओरडले.

"पुराव्याशिवाय मशीन चलना नाय," गुणाजी म्हणाला.

हवालदारांनी वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चोळला, आणि दत्तारामकाकांना काय झालं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं. ते इतके हसले की लुगड्याची गाठ सुटायची वेळ आली. थेंबाथेंबाने सगळा खटला मशीनमध्ये गेला.

गुणाजीने फीत काढली. ती गोव्यातली, सेंटिमीटरची. "एकशे नऊ," तो पुटपुटला.

हवालदार दचकले. "काय म्हणालास?"

"एकशे नऊ."

"तुका कोणी सांगलां? संशयित भटको इसम, कलम एकशे नऊ, ताच लावूक इल्लंय मी!"

"ती तुमची कंबर," गुणाजीने सांगितलं.

फौजदारीतलं कलम कमरेला बसलेलं पाहून हवालदारांनी ते गुणाजीवर लावायचा विचार सोडून दिला. ती हाफ पँट त्याने सगळी उसवली, घेरातलं कापड काढून वर घातलं आणि पुन्हा उभी केली. हवालदारांनी ती चढवली. बसले. उठले. पुन्हा बसले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सत्यवान हवालदार खुर्चीवर बसलेले पाहून फौजदारांनी चौकशी केली. पुढच्या महिनाभरात ठाण्यातल्या सगळ्या पँटी तोंडवलीला येऊन गेल्या. पोलीस ज्याच्याकडे शिवतात त्याच्याकडे दारू असणं शक्य नाही, हे बाप्यांनाही पटलं आणि पंच्याखालच्या बाटल्या थांबल्या. त्यांच्या जागी सदऱ्याची कापडं येऊ लागली. दत्तारामकाकांनी पहिला सदरा शिवून घेतला. दारात उभं राहूनच त्यांनी माप दिलं. मशीनकडे ते बघेनात.

दाखला मात्र अजून लोंबकळत होता. शेवटी एका सोमवारी काशीबाईच गुणाजीला घेऊन कचेरीत गेली. हरिश्चंद्र नेहमीचं सगळं बोलले. भारताचा भाग, परवाना, तात्त्विक अडचण. काशीबाईने ते उभ्याने ऐकून घेतलं.

"भाऊनू, तुमचा देशाचा काय तां तुमी आनी ते बघून घेवा," ती म्हणाली, आणि कचेरीतल्या सगळ्या कारकुनांनी मान वर केली. "ह्यो माझ्या भाचयेचो घोव. माझ्या पडवेत ऱ्हवता. माझी पेज जेवता. आमचो जावय, आनी तुमी तेका वरसभर भायर उभो करून ठेवतास? गुण्या, उठ मेल्या! घराक चल!"

गुणाजी उठला, पण जरा थांबून. आजवर काशीबाई त्याला 'जावयानू' म्हणत आली होती. गुण्या आणि मेल्या ही पहिलीच वेळ. त्याचा चेहरा दाखला मिळाल्यासारखा झाला.

"थांबा, थांबा," हरिश्चंद्रांनी टाक उचलला. देशाच्या रकान्यात त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं, 'काशीबाईंचे भाचजावई', आणि शिक्का मारला. यात गोवा कुणाचा हा प्रश्नच येत नव्हता. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

वर्षं गेली. गुणाजीला दोन मुलगे झाले, पडवीला दार आलं. एकसष्टच्या डिसेंबरात वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर बातमी लागली की गोव्यातलं पोर्तुगीज राज्य संपलं. अर्धी तोंडवली ढोल घेऊन गुणाजीच्या अंगणात आली. त्याला हार घातला, तोंडात साखर कोंबली, जणू त्यानेच तोफा डागल्या होत्या. तो सगळ्यांना हात जोडत राहिला. मग आत जाऊन त्याने मशीन सुरू केलं. शेवंतीने डोकावून पाहिलं तर सुईत दोरा नव्हता, आणि तो नुसतंच चालवत होता. ती बाहेर येऊन ढोलवाल्यांना चहा देऊ लागली.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ पुरसो मांद्र्याहून आला, सरळ, सरहद्दीवर कुणाला न विचारता. भावाचं बरं चाललंय तर आपणही इथेच दुकान थाटावं असा त्याचा बेत. गुणाजीने त्याला माडाखाली बसवलं आणि इथे कसं राहायचं ते समजावायला घेतलं.

"हयसर कोणाकडे गेलंस तर 'जेवलंस?' म्हणान विचारतले. 'नाय' म्हटलंस तर वाढतले. 'जेवलंय' म्हटलंस तरी वाढतले. तेव्हा अर्ध्या पोटान जावचा. मावशी वराडली तर भियाव नको. गप ऱ्हवली तर समज, कायतरी चुकलां. कोणी 'बघूया' म्हटल्यान तर तां काम होवचा नाय. माशांचो भाव इचारूचो नाय, आदी म्हावऱ्याक नावां ठेवची, मगे इचारूचो."

"दादा, मांद्र्यातूय अशेंच आसा," पुरसो म्हणाला.

"नाय रे, तुका कळूचा नाय. हयसरचा येगळा."

जेवताना वाढायची पद्धत, देवळातल्या गाऱ्हाण्याला कुठे उभं राहायचं, शेजाऱ्याचा नारळ आपल्या अंगणात पडला तर काय बोलायचं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी उरलेलं झालं. तिसऱ्या दिवशी पुरसोने ट्रंक भरली.

"दादा, पोर्तुगिजांनीसुद्धा इतले कायदे करूंक नाशिल्ले," तो म्हणाला आणि सकाळची गाडी धरून मांद्र्याला निघून गेला.

गुणाजी त्याला गाडीवर पोचवून परत आला तेव्हा काशीबाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि सोलं पसरायला लागला.

"मावशे, पोरगो चांगलो आसा," तो हळहळून म्हणाला. "पण भायरच्या माणसाक हयलां जमणां कठीणच."

"होय तर," काशीबाई म्हणाली. "सगळेच काय आपल्यासारखे नसतत. ती बाजूची कोंबडी हाकल बघू आदी."

गुणाजीने कोंबडी हाकलली, आणि समुद्रातल्या रांपणकारांनी मान वळवून पाहिलं.