तिसरं ‘पुरे’

प्रश्नाचं उत्तर मिळालं की माणसाला बरं वाटतं, असा माझा समज होता. माझ्या बायकोच्या मामेभावाने तो पार मोडून काढला. उत्तर मिळाल्यावर उलट कासावीस होणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल. सांगलीहून तो पीएचडी करायला बर्मिंगहॅमला आला आणि आमच्या वरच्या पिटुकल्या बॉक्सरूममध्ये राहिला. राहिलं म्हणजे त्याचं सामान. तो स्वतः कायम जिन्यात असे. डोक्यात विचार चालू झाला की पायही चालू लागत, आणि विचार तर कधी थांबतच नसे. आमच्या जिन्याची चौथी पायरी करकरते. तिच्या आवाजावरून त्याचा अभ्यास कुठवर आलाय ते मला खाली बसून कळे.

विषय असा, की युरोपातून बाहेर पडताना ब्रिटनने तिथले जे नियम ठेवून घेतले, त्यांतल्या स्वच्छ हवेच्या नियमांचं इथल्या शहरांत पुढे काय झालं? ऐकायला सरळ आहे. पण अभ्यासाची पद्धत कोणती, इथे गाडी अडलेली. सोमवारी तो कायद्याची कलमं वाचत बसे. बुधवारी इंग्रजी मसुद्याशेजारी फ्रेंच मसुदा ठेवून एकाच ‘शक्यतो’वर दिवसभर डोकं खाजवी. शुक्रवारी म्हणे, “दाजी, नुसत्या टेक्स्टमध्ये काही नसतं. माणसांना विचारायला हवं!” मग कौन्सिलमधले अधिकारी, निवृत्त अधिकारी, बसचे ड्रायव्हर, कोणीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घ्यायची हा युनिव्हर्सिटीचा नियम त्याच्या इतका अंगात भिनला, की एकदा आमटीची कृती विचारतानाही त्याने हिच्यापुढे फॉर्म सरकवला. “ताई, यू कॅन विथड्रॉ एनी टाइम.” ही माझ्याकडे बघत म्हणाली, “लग्नाच्या वेळी का नाही दिला कुणी असा फॉर्म?”

थांबायचं कधी, हे मात्र त्याला कळत नव्हतं. त्यांच्या शास्त्रात ‘सॅच्युरेशन’ नावाची गोष्ट आहे. मुलाखतींतून नवीन काही निघेनासं झालं, की झालं सॅच्युरेशन, थांबायचं. वार्षिक तपासणीत परीक्षकांनी त्याला नेमकं तेच विचारलं, “तुम्ही थांबणार कधी?” बोलण्यात कुणाला हार न जाणारा आमचा पाहुणा म्हणाला, “अजून थोड्या मुलाखती झाल्या की.” नापास. तीन महिन्यांनी दुसरी आणि शेवटची संधी. तीही गेली तर पीएचडी गेली, व्हिसा गेला, बॅग भरायची आणि सांगली गाठायची. यावर त्याने काय करावं? आणखी बारा मुलाखती घेतल्या! मी एकदा भडकलोच. “अरे, तो पद्धतीचा चॅप्टर लिही, माझा जिना झिजवू नकोस.” तो पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला, “दाजी, भीती वाटते हो. मी थांबलो आणि नेमका पुढचाच माणूस महत्त्वाचा निघाला तर?” त्यानंतर मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

दुसऱ्या तपासणीच्या आधीच्या रविवारी हिने बासुंदी केली. याचं लक्ष ताटात नव्हतंच. हिने वाढली, हा म्हणाला, “पुरे.” हिने आणखी वाढली. “पुरे ताई.” पुन्हा वाढली. तिसऱ्यांदा “पुरे” म्हणाला, तेव्हा मात्र हिने हात मागे घेतला. हा वाटीवरून मान वर करून बघायला लागला.

“आता का थांबलीस?”

“पहिलं पुरे भिडेचं, दुसरं सवयीचं. तिसऱ्यांदाही तेच म्हणालास, म्हणजे खरंच पोट भरलं. आता पुढे वाढणं म्हणजे अत्याचार.”

तो उष्ट्या हाताने तसाच जिना चढला. चौथी पायरी एकदा करकरली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा करकरली नाही. लागोपाठ तीन मुलाखतींत नवा मुद्दा आला नाही की थांबायचं, असा नियम त्याने लिहून काढला. मग जुन्या नोंदी तपासल्या, तर शेवटच्या बारा मुलाखतींत नवं काहीच नव्हतं. पोट केव्हाच भरलेलं होतं, गड्याला पत्ता नव्हता. परीक्षकांना नियम पटला. पास झाला. बासुंदीची तळटीप कशी द्यायची, एवढंच त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

आता तो ग्लासगोला शिकवतो. दर रविवारी जेवणं झाली की मी त्याला फोन लावतो. “काय रे, नवीन काय?” “काही नाही दाजी. तुमच्याकडे?” “काही नाही.” मागच्या रविवारी हेच, त्याच्या मागच्या रविवारीही हेच. त्याच्या नियमाप्रमाणे मी केव्हाच थांबायला हवं होतं. हीसुद्धा म्हणते, तेच तेच काय विचारता त्याला? पण दुपारी घर शांत होतं, ती चौथी पायरी करकरत नाही, आणि मला करमत नाही. मग मी फोन उचलतो.