संत्र्याच्या कॅरेटवरचं बिऱ्हाड

कॉलेजसाठी आम्ही तिघी मैत्रिणी खोली पाहायला गेलो की रूपाली आधी मोरीतला नळ सोडायची. मी खिडकी पाहायचे, अफिफा दाराची कडी हलवून पाहायची, आणि ही बाई घरमालकाच्या देखत बादली लावून उभी. धार बारीक दिसली की तोंडावर सांगायची, "नाई जमत." अमरावतीच्या उकाड्यात अशा सहा खोल्या तिने नापास केल्या. सातव्या जिन्यावर मी तिच्यावर खेकसले, तर म्हणाली, "तू अकोल्याची न वं? तिकडं नळाची वाट पाह्यतात लोकं, अन् तुलेच पाण्याची कदर नाई?"

शेवटी शेगाव नाक्याजवळ वामनरावांच्या घरावरची खोली पास झाली. खोलीत पंखा होता आणि भिंतीला एक खिळा, बाकी सगळं आम्हीच आणायचं. अफिफाने पातूरहून गाद्या आणल्या, मी शेगडी आणि आरसा आणला. रूपाली म्हणाली, "पलंग माह्याकडं लागले."

दोन दिवसांनी तिचे बाबा, गोवर्धनकाका, मोर्शीहून गाडीभर प्लास्टिकचे कॅरेट घेऊन आले. संत्रा भरायचे ते. काका बाग व्यापाऱ्याला देत नाहीत, तोड स्वतः करतात, म्हणून कॅरेट घरचे. दहा कॅरेट पालथे घालायचे, सुतळीने आवळायचे, वर गादी टाकायची. उरलेल्यांतून टेबल झालं, पुस्तकांची मांडणी झाली. मी बांधलेला पलंग पहिल्याच रात्री मधोमध फाकला आणि मी त्यात अडकले. रूपाली पोट धरून हसली. सकाळी मी आंघोळ करून येईपर्यंत तिने तो पुन्हा बांधून ठेवला होता, आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. वागायला अशी, बोलायला तशी.

जाताना काकांनी बजावलं होतं, "दसऱ्यानंतर तोड लागली का मी गाडी घेऊन येतो पोरीहो. तवापर्यंत पलंगाचं काही पाहून ठेवा." आम्ही माना डोलावल्या आणि विसरून गेलो.

ही तोड रूपालीसाठी काय होती ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. घरच्यांचा विरोध पत्करून काकांनी तिला अमरावतीला ठेवलं होतं. आंबिया, म्हणजे दसऱ्यानंतर तोडायचा संत्र्याचा बहार, नीट उतरला तर तिचं पुढचं शिक्षण इथेच, नाही तर दिवाळीला परत घरी. घरी आत्याने स्थळ पाहूनच ठेवलं होतं. रूपालीने हे सगळं एकदा कणीक मळता मळता सांगितलं आणि वर मलाच विचारलं, "मीठ टाकलं का तू?"

पोळ्याला ती घरी जाऊन आली तेव्हा खुशीत होती. फळांच्या भाराने फांद्यांना टेकू द्यावे लागले होते म्हणे. नंतर पंधरा दिवस पाऊस हटला नाही. ती रोज सकाळी फोन करायची आणि काका रोज सांगायचे, "बाग बरी हाय." फोन मात्र आखूड होत चालले. ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं असणार.

दसरा झाला तरी काका आले नाहीत. परीक्षा तोंडावर आली आणि मला घोर लागला तो माझ्या पाठीचा.

"ऐन पेपरात कॅरेट नेले तर फरशीवर झोपायचं का आपण? तू सांग न बाबाले, पेपर होऊ द्या म्हणून."

"येऊ दे न त्याईले," रूपाली म्हणाली. "मी खुशाल झोपीन खाली."

मला रागच आला. दुपारी मी स्वतःच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, कॅरेट पेपर होईपर्यंत राहू द्याल का?

"राहू दे बेटा," काका म्हणाले. "यंदा नाई लागत कॅरेट."

"थँक्यू काका! देवच पावला!" मी म्हणाले.

फोन ठेवून मी अक्षरशः नाचले. "नाई लागत म्हणले यंदा! ठेवा म्हणले!"

अफिफा शेतकऱ्याच्या घरची. तिने भाजी चिरायची थांबवली आणि मला हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. रूपाली टेबलाशी बसली होती.

"किती नाई लागत म्हणले?" तिने विचारलं. "अर्धे?"

"नाई वं, सगळेच." हसत सांगितलं मी. हसत.

"मग तू काय म्हणली त्याईले?"

"थँक्यू म्हणलं."

तिने मान हलवली. "बरं केलं," म्हणाली, आणि वही मिटली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पावसाने गळ होऊन बागेत भरायला फळच उरलं नव्हतं, आणि ते लेकीला सांगायची हिंमत नसलेल्या बापाने ते मला सांगितलं होतं.

पेपर तिने सगळे दिले. दिवाळी झाल्यावर काका गाडी घेऊन आले, ते तिची पेटी आणि पुस्तकं न्यायला. मी कॅरेटच्या सुतळ्या सोडायला लागले, तर काकांनी माझा हात धरला.

"असू दे बेटा. तुले झोपाले लागतीन."

मला तोंड वर करून त्यांच्याकडे पाहवलं नाही.