खुर्ची मागे घेणारा माणूस

अण्णा गेले तेव्हा मी नारायण पेठेतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका निवृत्त प्राध्यापकांना, त्यांना जवळचं दिसत नाही हे पटवून देत होतो. फोन सुमनवहिनींचा होता. "अहो, हे गेले," त्या म्हणाल्या. "चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले, मी डबा आणायला आत गेले आणि..." खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं, रडू नंतर आलं. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघाल्यापासून अण्णांनी मला बजावून ठेवलं होतं, "मला नळ्या लावून कुठे आडवं टाकलं, तर तुम्ही माइक घेऊन आत या आणि शर्यतीत करता तसा माझा शेवटचा लॅप जाहीर करा." मी येईन म्हणालो होतो. दिलेला शब्द मी पाळला असता आणि त्या अतिदक्षता विभागातून मला दोन वॉचमननी उचलून बाहेर टाकलं असतं. ती वेळ अण्णांनी येऊ दिली नाही. चहाला नाव ठेवलं आणि गेले. पुण्यातल्या माणसाने याहून चांगलं काय मागावं?

मात्र एक टोचणी माझ्या मनात राहिली होती. ती समजायला आधी अण्णा आणि त्यांची खुर्ची समजायला हवी.

अण्णा म्हणजे अरविंद गायकवाड, बिबवेवाडीत राहणारे, रस्तेबांधणी खात्यातले निवृत्त अभियंते. सरकारी रस्त्यांची वळणं आखण्यात त्यांची नोकरी गेली आणि मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती भरवण्यात सगळे रविवार. तरुणपणी स्वतः शर्यतीत पडल्यामुळे डावा पाय किंचित ओढत चालायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पाय ठीक आहे, रस्ता खराब आहे." सासवडच्या बाजूला सोपानरावांच्या माळावर आमच्या क्लबने जो ट्रॅक केला, तो अण्णांनी आखलेला. मी तिथला निवेदक. कोण पुढे गेलं, कोण चिखलात बसलं, हे घसा फोडून सांगायचं माझं काम. अण्णा मला 'घोषणासम्राट' म्हणायचे आणि मी बोलायला लागलो की कानात कापूस घालायचे. कापूस घरून आणलेला असायचा.

शर्यतीच्या आधी, प्रेक्षकांसाठी दोर बांधायच्या वेळी, त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची एक लोखंडी, घडीची खुर्ची ते काखोटीला मारून यायचे. ज्या वळणावर लोक उभे राहणार, तिथे ती मांडायचे, थर्मासमधला चहा ओतून घ्यायचे आणि स्वाराला हात करायचे, की ये, पूर्ण वेगात ये. गाडी अंगावर आल्यासारखी यायची, वळायची, माती उडवून जायची. अण्णा बसून राहिले तर दोर खुर्चीच्या मागे बांधायचा. अण्णा उठले आणि त्यांनी खुर्ची मागे घेतली, तर पुन्हा गाडी, पुन्हा चहा. मोजमाप नाही, आकडेमोड नाही. इतकी वर्षं इंजिनियर असून तुम्ही टेप का लावत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "टेप लावणारा माणूस तिथे बसत नाही हो. तिथे आई पोराला मांडीवर घेऊन बसते." पुढच्या रांगेत खुर्ची ओढणारी माणसं या शहरात पुष्कळ पाहिली. मागे घेणारा हा एकच.

या अण्णांचं एकच स्वप्न होतं, राष्ट्रीय ग्रां प्री एकदा तरी आपल्या ट्रॅकवर व्हावी. सोपानराव तिला 'मोठी रेस' म्हणायचे. अनेक वर्षं ती दक्षिणेत व्हायची. मग कळलं की ती भरवणारा दिल्लीचा महासंघ यंदा महाराष्ट्रात द्यायला तयार आहे आणि स्पर्धा दोघांतच आहे. एक आमचा ट्रॅक आणि दुसरा नगर रस्त्यावरचा, तांबे नावाच्या गृहस्थांचा. तांब्यांकडे पैसा होता, पार्किंग होतं, सिमेंटची स्वच्छतागृहं होती. आमच्याकडे चौथं वळण होतं. उतारावरून सुसाट खाली येऊन डावीकडे मुरडणारं असं वळण त्यांच्याकडे नव्हतं. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला सोपानरावांनी प्रेक्षकांना बसायला पायऱ्यांचा लोखंडी स्टँड उभा केला. मागे शेजाऱ्याची पेरूची बाग, त्यामुळे सपाट जागा तेवढीच. अण्णांनी नेहमीच्या गाडीवर खुर्चीची परीक्षा घेतली, चहा संपवला, चालेल म्हणाले. आम्ही ग्रां प्री आल्यातच जमा धरली. मी तर आरशासमोर हिंदीतून निवेदनाचा सराव सुरू केला. बायकोने दार लावून घेतलं.

पाहणीला दिल्लीहून महासंघाचे तिघं आले. येताना त्यांनी त्यांचा स्वार आणला आणि ग्रां प्रीला धावते तसली ताकदीची गाडी आणली. सगळं आवडलं त्यांना. सोपानरावांच्या घरची भाकरी आवडली, चौथं वळण आवडलं. सह्या व्हायच्याच बाकी होत्या, तेवढ्यात अण्णा खुर्ची घेऊन स्टँडसमोर जाऊन बसले. स्वाराला हात केला. ती गाडी उतारावरून आली ती आवाज मागे टाकत आली. अण्णा उठले. खुर्ची स्टँडच्या पहिल्या पायरीवर ठेवली. पुन्हा गाडी. अण्णा उठले, वरच्या पायरीवर गेले. पुन्हा गाडी. मग ते खाली उतरले, स्टँडच्या मागे गेले, तिथे क्षणभर बसले, उठले... आणि तारेचं कुंपण वाकवून, खुर्चीसकट, ओढत्या पायाने बागेत शिरले.

"अण्णा, खुर्ची कुटं न्हेताय?" सोपानराव ओरडले. "ती जागा आपली न्हाय."

पानाआडून फक्त थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पाहुण्यांचे प्रमुख कुंपणापाशी गेले आणि त्यांनी फार अदबीने विचारलं, "वहाँ से क्या दिखता है?"

"अमरूद," अण्णा म्हणाले.

"और रेस?"

"रेस नहीं दिखती. इसलिए यहाँ बैठा हूँ."

मी गावोगावच्या जत्रांपासून मोठ्या सभागृहांपर्यंत माइक धरला आहे. इतकी पूर्ण शांतता मी कुठे ऐकली नाही. ग्रां प्री त्या शांततेतच नगर रस्त्याला गेली.

क्लबात नंतर कोणी अण्णांना उघड बोललं नाही. सोपानराव तेवढे म्हणाले, "अण्णा, तुमच्या एका खुर्चीपायी माजा सगळा स्टँड ग्येला." अण्णा म्हणाले, "नशीब पेरूची बाग होती, सोपानराव. ऊस असता तर पाचट टोचलं असतं." आम्ही हसलो. पण ग्रां प्रीच्या दिवशी मी हट्टाने दुकान उघडं ठेवलं, आणि अण्णा दौंडला कुणाच्या तरी लग्नाला गेले. परत आल्यावर त्या विषयावर एक अक्षर नाही, ना त्यांच्याकडून ना माझ्याकडून. वहिनी सांगायच्या, संध्याकाळी बाल्कनीत त्याच खुर्चीत बसून असतात, बोलत नाहीत. मला वाटायचं, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते स्वतःच्या हाताने परत पाठवलं, ते या माणसाला आत कुठेतरी खात असणार. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं तर उत्तर तिरकस येणार, आणि त्या तिरकसपणातून खरं काय ते मला ओळखता येणार नाही, ही भीती. ते गेल्यावर ती भीती माझ्याकडेच राहिली.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी बिबवेवाडीला गेलो तर बाहेर चपलांमध्ये उंची बुटांचा एक जोड. आत तांबे. मी ताठच बसलो. तांबे वहिनींना सांगत होते, "आमच्या ग्रां प्रीच्या दिवशी तुमचे साहेब पहाटे गेटवर हजर होते. काखेत ती खुर्ची."

"दौंडला गेले होते ते," वहिनी म्हणाल्या. "मी आहेराचं पाकीट दिलं होतं बरोबर."

"ते पाकीट मला दिलं," तांबे म्हणाले. "म्हणाले, तुमच्या घरी कार्य आहे, रिकाम्या हाताने कसं यायचं."

वहिनी तोंडाला पदर लावून थांबल्या. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

तांब्यांनी पुढचं सांगितलं. सराव सुरू झाला तशी अण्णांनी दोराच्या आत खुर्ची मांडली. गाडी आली, ते उठले, मागे गेले. तांब्यांच्या माणसांना खुर्चीची कीर्ती माहीत होतीच. त्यांनी एक शब्द न विचारता दोर मागे घेतला. मग प्रत्येक वळणावर तेच. "आमची ग्रां प्री अण्णांनीच बसवली म्हणा ना," तांबे म्हणाले. "त्यांच्याकडे जागा नव्हती, आमच्याकडे होती, एवढाच फरक."

"आणि शर्यत?" मी विचारलं. "शर्यत दिसली का त्यांना?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटच्या वळणावर बसले होते, वडापाव खात. एकदा एकदम खुर्चीतून उठले, तसा मी धावत गेलो. म्हटलं, अण्णा, दोर मागे घेऊ का? तर म्हणाले, नाही हो, आनंदाने उठलोय."

मी बाल्कनीत गेलो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती, घडी करून. मी नाक शिंकरून घेतलं. खाली बिबवेवाडीच्या रस्त्यावर एक रिक्षावाला एका स्कूटरवालीला वळण कसं घ्यायचं ते शिकवत होता आणि ती त्याला त्याची लायकी सांगत होती. किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

मागच्या रविवारी आमच्या ट्रॅकवर अण्णांशिवायची पहिली शर्यत झाली. आमचीच, साधी, गावातली. सकाळी रिक्षातून वहिनी उतरल्या, मांडीवर खुर्ची. कोणी तिला हात लावेना. सोपानराव माझ्याकडे बघू लागले, मी सोपानरावांकडे. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो घोषणासम्राट, तुम्ही बसा. रोज बोलता, आज जरा गप्प बसून बघा."

चौथ्या वळणावर बसलो. कापूस आणला नव्हता. गाडी उतारावरून आली, मोठी होत गेली, आणि मुरडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीच्या मागे उभा आहे. कधी उठलो ते सांगता येणार नाही. कोणी हसलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, अण्णा मनातल्या मनात हिशेब करत असतील. ते नुसते घाबरत होते, आणि घाबरलो हे चारचौघांत दाखवायला त्यांना लाज वाटत नव्हती.

मी खुर्ची मागे घेतली, पुन्हा बसलो, पुन्हा गाडी आली. या वेळी बसून राहिलो. सोपानराव दोर घेऊन पुढे आले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "अजून थोडी मागे घ्या. हे तुमच्यापेक्षा जास्त घाबरट होते."