कुलगुरूंची लोकर

हसनाबादच्या शिवकन्येला दुधना विद्यापीठात सगळे 'मीडिया' म्हणायचे. मीडिया आली का, मीडियाला खाली पाठवा, मीडिया जरा सरक, साहेबांना जागा दे. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून एवढं देवाचं नाव ठेवलं, शाळेत बाईंनी ते हजेरीला रोज खणखणीत घेतलं, आणि पगार सुरू झाला तसं नावच गायब! सुरुवातीला तिनं दोन-तीनदा सांगून पाहिलं. समोरचा 'हो हो, बरोबर' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मीडिया. शेवटी तिनं नाद सोडला.

काम म्हणाल तर विद्यापीठाच्या नावानं फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवायचं. हे काय काम झालं, असं गावात निम्म्या लोकांना अजून वाटतं. त्यांनी एकदा करून बघावं. झाड लावताना फोटो काढायचा, पण झाडापेक्षा साहेब जास्त दिसले पाहिजेत. कुलगुरूंच्या आधी 'माननीय' राहिलं की कुलसचिवांचा फोन आलाच म्हणून समजा. कुलसचिव म्हणजे सगळा कारभार हाकणारा अधिकारी. हे गृहस्थ इतके शिस्तीचे की चहाचा कपसुद्धा बशीच्या बरोबर मधोमध ठेवणार. फोटोत कोण कुणाच्या डावीकडे उभा होता, यावरून शिवकन्येनं किती बोलणी खाल्ली असतील त्याला गणती नाही. एवढं करून लाईक द्यायला कोण? स्टाफ. तोही दोनदा आठवण केल्यावर.

पण या कामातला एक भाग तिला जिवापाड आवडायचा. लोक खाली प्रश्न विचारायचे. मेसमध्ये भाकरी भेटती का, मुलींच्या होस्टेलला रात्री बाई राहती का, असले. आष्टीच्या एका आईनं विचारलं की पोरगी एकटी येईल, गाडी कुठं थांबती. शिवकन्येनं भरभरून लिहिलं, 'हाव काकू, जालन्याला उतरून अंबडची कोणतीबी गाडी धरा, गेटावरच थांबती. मी असते तिथं.' संध्याकाळी कुलसचिवांनी बोलावून घेतलं. विद्यापीठाला 'हाव' म्हणता येत नाही, 'होय' लिहा आणि 'मी असते' काढा, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठ कुठं असतं का गेटावर? तिनं मुकाट्यानं बदललं. बदललेलं वाक्य वाचून तिला स्वतःलाच त्या गाडीत बसावंसं वाटेना.

तर अशी ही पोरगी, आणि नोकरी कंत्राटी. मार्च संपला की कंत्राट संपणार होतं आणि पुढं हे काम पुण्याच्या एका एजन्सीला द्यायचं घाटत होतं. तिला ते शिपाई मालनबाईंकडून कळलं, कारण साहेब लोक चहा पिताना मालनबाई तिथं आहेत हे विसरतात. जालना जिल्ह्यात असलं काम दुसरीकडं नाही, आणि पुण्याला जायची तिला बिलकुल इच्छा नव्हती. तिला हीच गाडी, हेच गेट आणि आष्टीच्या काकूंचे हेच प्रश्न हवे होते. ती रोज देवाला हात जोडायची आणि 'माननीय' न विसरता लिहायची.

आता तिच्या बापाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथूनच सुरू झाला.

रायभान शिंगाडे हा पिढीजात मेंढपाळ. आता थोडी शेती आहे, पण मेंढरं सुटली नाहीत. त्याच्या घरात एक पद्धत होती. कळपातल्या मेंढराला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो, आणि जीव अडकला की त्याला बाजारात न्यायला पाय उचलत नाही. सगळ्या कळपात नाव मिळायचं फक्त एकाला, जो सगळ्यांच्या पुढं चालतो त्या एडक्याला. आणि नाव मिळालं की तो घरचा. म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याला कुणी विकायचं नाही. शिवकन्येला नोकरी लागली त्या दिवशी रायभान नुसता उधळला होता. त्यानं पोरीला विचारलं, तुमच्या तिथं सगळ्यात म्होरं कोण चालतं? ती म्हणाली, कुलगुरू.

झालं. नव्या एडक्याचं नाव कुलगुरू.

बरं, नाव ठेवून माणूस गप बसेल ना? तो मान देऊन बोलायचा. कुलगुरू पाणी प्याले का? कुलगुरू आज नाराज दिसून राह्यले. शिवकन्येची आई जयवंताबाई एकदा चिडून म्हणाली की तुमचे कुलगुरू माझं डाळीचं वाळवण खाऊन गेले, त्यांना काही शिस्त आहे का न्हाई. शिवकन्या हसून लोटपोट झाली, पण विद्यापीठात ती हे नाव चुकूनही काढायची नाही.

तिनंच बापासाठी फेसबुकवर 'रायभानची मेंढरं' नावाचं एक पेज काढून दिलं होतं. शेतात खतासाठी मेंढरं बसवायची असली की लोक त्यावर विचारायचे. हे पेजही तिच्याच फोनवर आणि विद्यापीठाचं पेजही तिच्याच फोनवर. इथं तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या नाही आलं.

मार्चातला रविवार. घरी मेंढरांची कातरणी चालली होती. चौघांनी मिळून कुलगुरूंना आडवं केलं आणि कातर चालवली. उठून उभा राहिला तेव्हा तो एवढासा दिसत होता आणि इतक्या रागानं सगळ्यांकडे बघत होता की शिवकन्येनं तिथल्या तिथं व्हिडिओ काढला. लोकरीच्या तेलकटानं तिचे हात बरबटलेले. त्याच अंगठ्यानं तिनं लिहिलं, 'आज कुलगुरूंची लोकर कातरली. चौघांनी धरलं तवा कुठं गप पडले. आता बघा कसं हलकं वाटून राह्यलंय त्यांना. लोकर कमी, रुबाब तेवढाच.' तेलकट काचेवर अंगठा कुठं टेकवायचा होता आणि कुठं टेकला, देव जाणे. व्हिडिओ गेला. फोन चार्जिंगला लावून ती कातरणीवाल्यांसाठी चहा टाकायला गेली.

दुपारी जेवणं झाल्यावर रायभान आपल्या फोनवर एडक्याचा व्हिडिओ उघडून हरखून काहीतरी टाईप करत बसला होता. त्याचं टाईप करणं म्हणजे एकेक अक्षर शोधून दाबायचं. आपल्या कुलगुरूला लई लोकं विचारून राह्यलेत, म्हणाला. आष्टीच्या एकानं विचारलंय, कुलगुरू केवढ्याला द्यायचे? अंबडचा एक जण म्हणतो, आठ दिवस आमच्या मेंढ्यांत सोडता का? मी सगळ्यांना जवाब दिला. एवढी माणसं आपल्या पेजवर कधी आल्ती का?

शिवकन्येनं कौतुकानं फोन हातात घेतला. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं. त्याखाली कातरलेला एडका. त्याच्या आधीची पोस्ट 'माननीय कुलगुरूंच्या शुभहस्ते वृक्षारोपण'. आणि हजारो माणसं हसून हसून गडबडा लोळत होती.

पोस्ट काढून टाकावी म्हणून ती आपला फोन घ्यायला धावली, तर त्यावर कुलसचिवांचे मिस्ड कॉल. तिनं फोन लावला. ते ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की पोस्टला हात लावू नका, तो पुरावा आहे, उद्या कुलगुरूंसमोर ठेवायचा आहे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रायभानला सगळं कळलं तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला. जयवंताबाई म्हणाली की एडक्याचं नाव बदलून टाका, दुसरं काहीही ठेवा. त्यावर मात्र तो बधला नाही. दिलेलं नाव परत घेत न्हाईत, एवढंच म्हणाला. पण जेवला नाही. पोरीची नोकरी आपल्या लाडापायी गेली, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. शिवकन्येला बापाचा राग यायला हवा होता, पण तिला त्याची मायाच येत राहिली.

सोमवारी कुलगुरूंच्या दालनात तिला उभं केलं. कुलगुरू पाटोदकर सर म्हणजे पांढऱ्याशुभ्र केसांचा, कमी बोलणारा माणूस. समोर मोबाईल घेऊन ते खालच्या कॉमेंट वाचत बसले होते. बाजूला कुलसचिव आणि एक प्राध्यापक बसले होते. कुलसचिवांनी आधीच सगळं मांडलं होतं. संस्थेची बदनामी, भाषेचा दर्जा, शिवाय एजन्सी पहिल्या तारखेपासून तयार आहे, हिला आजच मोकळं करावं. मालनबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि बाहेर जायचं विसरल्या.

सरांनी बोट एका ठिकाणी थांबवलं आणि मोठ्यानं वाचलं, "कुलगुरू इकायचे न्हाईत. ज्याला नाव ठिवलं, त्याला बाजार न्हाई." मग मान वर केली. "हे कुणी लिहिलंय?"

"माझ्या वडिलांनी, सर." विचारलंच आहे तर सांगून टाकू, आता राहिलंय काय, असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. कळपाचं, नावाचं, पुढं चालणाऱ्याचं, तेलकट अंगठ्याचं. टिंगल म्हणून नाही सर, आमच्या घरी यापेक्षा मोठा मान नाही, हेही सांगितलं.

सरांनी मोबाईल खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके ते हसले. मागं मालनबाईही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"माझ्याबद्दल लोक काय काय बोलतात, मला माहीत आहे," सर म्हणाले. "पण कुलगुरू विकायचे नाहीत असं चारचौघांत ठणकावून सांगणारा हा पहिलाच माणूस."

कुलसचिव खाकरले. सर, शिस्तीचा प्रश्न आहे, म्हणाले. सरांनी मान हलवली आणि त्यांना विचारलं की हिचं नाव काय?

"सोशल मीडिया, सर," कुलसचिव म्हणाले. म्हणाले आणि थांबले. त्यांनी शेजारी बसलेल्या प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापकांनी खिडकीकडे पाहिलं. एवढे दिवस ही पोरगी सगळ्यांची नावं 'माननीय' लावून लिहीत होती आणि तिचं एकालाही ठाऊक नव्हतं. मालनबाईंना ठाऊक होतं, पण त्यांना कोण विचारतो!

"नाव काय बेटा तुझं?" सरांनी तिलाच विचारलं.

"शिवकन्या रायभान शिंगाडे."

"शिवकन्या," सरांनी एकदा म्हणून पाहिलं. मग परत मोबाईल चाळला. त्या एडक्याखाली प्रवेशाचे किती प्रश्न आलेत, हे त्यांनी कुलसचिवांना दाखवलं. एजन्सीला नको म्हणून कळवा, शिवकन्याच काम बघेल, कंत्राट वाढवून घ्या, असं सांगितलं. कुलसचिवांनी मान डोलावली. मनातून त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण बाहेर पडताना त्यांनी तिच्यासाठी दार धरलं, आणि हे त्यांनी आजवर कुणासाठी केलेलं नाही.

पोस्ट आता काढू का, असं तिनं जाता जाता विचारलं. सर म्हणाले, "राहू दे, शिवकन्या. लोकांना कळू दे. फक्त रविवारी फोन धुतलेल्या हातानं धर." दाराबाहेर पडल्यावर तिला आठवलं की आनंदाच्या भरात आपण कुलगुरूंना 'हाव सर' म्हणून आलो.

संध्याकाळी गाडी हसनाबादच्या फाट्यावर थांबली तर रायभान कळप घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. पोरीला घ्यायला तो आजवर कधी फाट्यावर आला नव्हता. ती उतरल्या उतरल्या घाईघाईनं सांगायला लागली, सर कसे हसले, एजन्सीचं काय झालं, दार कुणी धरलं. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"ते सगळं मंग सांग. साहेबांनी तुला काय म्हणून हाक मारली?"

"शिवकन्या म्हणले."

"नावानं?"

"हाव बाबा. नावानं."

रायभाननं डोक्यावरचं मुंडासं काढलं, त्यानंच तोंड पुसलं, आणि नाही नाही म्हणता डोळेही पुसले.

"मंग झालं तर," तो म्हणाला. "आता तुला बाजार न्हाई."

शिवकन्या तिथंच रस्त्यावर हसता हसता रडायला लागली. मेंढरं हलली होती. कुलगुरू केव्हाच पुढं निघाले होते, आणि ही दोघं त्यांच्या मागून घराकडे चालायला लागली.